आईचे केस कोण विंचरणार

नंदनवन, १९ जानेवारी

दादा,

दिवाळीपासून तुले पत्र लिहा लागते असं म्हणून राहिली, आणि दिवाळीपासूनच टाळून राहिली. आधी पेन नव्हता. पेन भेटला तवा मी रायपूरले होती, आणि तिथं लिहायले बसली की समोरच्या दुकानात जिलेबी तळाले सुरुवात होये. मंग इकडं आली, तर गच्चीवर ऊन इतकं मस्त, की कागद छातीवर ठेवून झोपून जाऊ. हे सारे बहाणे आहेत, मले माहीत आहे. तू मले फोनवर ब्लॉक केलं ते लय लागलं होतं. म्हटलं, जा, नाही बोलायचं तर नाही. काल अचानक सुचलं की पोस्टमनले काही ब्लॉक करता येत नाही. म्हणून पाकीट आणलं. भरूचच्या तुझ्या कंपनीचा पत्ता आईच्या पिशवीत सापडला.

दिवाळीत मी तुले जे म्हटलं, का तुझी बायको माझ्या आईले माझ्यापासून तोडून राहिली, ते मी मागं घेत नाही. उलट आता कानानं ऐकलं.

आईचा सत्कार आहे, हे तुझ्या प्रीतीनं सांगितलंच असन तुले. अंगणवाडीतून रिटायर झाली म्हणून वस्तीतल्या बायकांनी ठरवला, नऊ फेब्रुवारीले, विहाराच्या हॉलमध्ये. चौकात फ्लेक्स लागला. आता ह्या फ्लेक्सचं ऐक. फोटो कोणी काढला देव जाणे, पण त्यात आईचं तोंड एवढंसं आणि केस एवढे. बाभळीच्या झाडात बाई बसवल्यासारखी दिसते. आयुष्यभर डोक्यावरून पदर घेतला तिनं, त्या फोटोतच नेमका खाली पडला. पानठेल्यावरचे चंपतराव तिले रस्त्यात म्हणे, "अंजनाबाई, फ्लेक्स लहान पडला वं तुमच्या केसाईले!" आई तिथं हसली. घरी येऊन आरशापुढं किती वेळ उभी होती. पाणी लावून केस दाबे, हात काढला की पुन्हा वर.

मी मोरीत पाय धूत होती. आतून आईचा आवाज आला.

"प्रीती, तुह्या मोबाईलात केस सरळ कराचं दाखवते म्हणे. मले करून देशील का वं? सत्कारापुरतं?"

प्रीतीले विचारलं, दादा. प्रीतीले! जिच्या डोक्यावर कंगवा ठेवला तर हात न लावता खाली येते. तिले काय समजते आमच्या केसातलं? तुझे केस बाबांवर गेले, म्हणून तुलेही नाही समजणार. पण ह्या घरात हे डोकं दोघींचंच आहे, आईचं आणि माझं. रविवारी सकाळी तिच्या दोन गुडघ्यांच्या मधात माझी मान, तेलाची वाटी, आणि माझी बोंब. कंगव्याचे दात तुटत. ती म्हणे, "रड, रड, पण हलू नको." मंग मी मोठी झाली तर आम्ही उलटं बसायला लागलो, ती खाली, मी पलंगावर. तेव्हा ती जे बोले ना, ते कोणालेच सांगितलं नसन. बाबांबद्दल पण.

आणि मी रायपूरले पार्लरमध्ये काय झाडू मारत होती का? (पहिला महिना मारला. पण मंग केस सरळ कराचा गरम प्रेस धराले शिकवलं.) तिथं एक सोन्याच्या दुकानवाली बाई येये, तिचे केस पाहिले असते तर तू म्हणला असता, नारळाची शेंडी. ती बाहेर निघे तर रस्त्यावरचे पोट्टे वळून पाहत. ते केस माझ्या हातानं सरळ झाले. तिनं मले एकदा तिच्या गाडीत बसवून भिलाईले नेलं होतं, तिथं एक तलाव आहे, बदकं... जाऊ दे. कुठं होती मी?

हो. मी पाय न पुसताच आत गेली. म्हटलं, "आई, मले येते ना हे काम."

आई म्हणे, "येत असन वं. पण नऊ तारखेले तू घरी राहशील कायवरून? तू इटारसीले असशील, नाहीतर जबलपूरले."

प्रीती नुसती पापड लाटत होती. मले तिचं ते काहीच न बोलणं सहन होत नाही.

तर माझं म्हणणं साधं आहे. तू बायकोले तिकडं घेऊन जा. कंपनीची खोली भेटत नसन तर भाड्यानं घे, पण घेऊन जा. मी भटकते, मान्य. पण कोणत्याही गाडीत बसली तरी मनात असते की एक घर आहे, तिथं आई आहे, आणि आईच्या डोक्यावर माझा हात चालते. ती जागाच कोणी घेतली तर मी परत कुठं येऊ?

तुझी बहीण,
सोनिका


नंदनवन, २७ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. येईन असं वाटलंही नव्हतं. पण काल जे झालं ते तुले कळाले पाहिजे, आणि तुझी बायको तर सांगणार नाही, म्हणून लिहून राहिली.

सव्वीस तारीख होती. आई झेंड्याले जाऊन आली, पोट्ट्यांसाठी आणलेल्यातले दोन लाडू पदरात बांधून आणले, एक मले, एक प्रीतीले. आधी कोणाले दिला ते मी पाहिलं. तिले दिला.

मंग प्रीतीनं कार्यक्रम सुरू केला. म्हणे, नऊ तारखेच्या आधी एकदा करून पाहू, म्हणजे ऐन टायमाले चूक होणार नाही. मोबाईल तांब्याले टेकवून ठेवला. त्यात एक बाई गोड गोड बोलून राहिली, जवस पाण्यात उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की ओढणीतून गाळा, केसाले लावा, पूर्ण वाळू द्या, मंग प्रेस फिरवा. पद्धत खोटी नाही. पार्लरवाल्या पण घरी हेच करतात, गिऱ्हाइकाले मात्र बाटली विकतात.

प्रीतीनं आतून विचारलं, "सोनिकाताई, जवस कुठं असते?" मी दाखवलं. मी काय तिची दुश्मन आहे का? डबा तिनंच उचलला, गॅस तिनंच लावला. किती वेळ उकळलं, पाणी काही घट्ट होईना. तरी गाळलं आणि थापलं आईच्या डोक्यावर. आई लोखंडी खुर्चीत बसलेली, खांद्यावर जुना टॉवेल, डोळे मिटून. अशी बसली होती जशी फोटो काढाले बसली.

केस वाळलेच नव्हते, दादा. दाट केस वरून वाळलेले वाटतात, आत ओलेच राहतात. हे प्रीतीले कसं समजणार? तिचे तर टॉवेल झटकला की वाळतात. तिनं प्रेस पार शेवटच्या आकड्यावर नेला आणि कपाळावरची पहिलीच बट धरली. चर्र झालं. एवढी वाफ निघाली! प्रीतीनं घाबरून ओढलं, तर बट तिच्या हातात, आणि आईच्या कपाळाले, केसाच्या मुळाशी, भाजलं. लाल पट्टा उठला.

तुझ्या बायकोनं आपल्या आईले जाळलं. मी वाढवून लिहून नाही राहिली. समोर बोटभर केस कुरतडल्यासारखे उभे आहेत.

आणि पुढं ऐक. भाजलं आईले, आणि रडून कोण राहिली? प्रीती. खाली बसून हमसून हमसून. आणि आई, स्वतःच्या कपाळावर कोरफड धरून, दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवून राहिली. "जाऊ दे वं माय. केसच आहेत. येतीन पुन्हा." मी उंबरठ्यात उभी होती. माझ्याकडं एकदा पाहिलं आईनं. म्हटलं, आता मले बोलावन. नाही बोलावलं.

आता तरी विश्वास बसला का, का ही बाई इथं कामाची नाही?

सोनिका


नंदनवन, ४ फेब्रुवारी

दादा,

माझं पत्र पोचलं म्हणायचं. तुझा फोन प्रीतीले आला. मले नाही, तिलेच. गच्चीवर गेली बोलाले, मी जिन्यात होती, कपडे आणाले. ती एवढंच म्हणत होती, "हो. हो, माझ्याच हातानं झालं. नाही, सोनिकाताईंचं नाव नका घेऊ, त्यांनी काय केलं त्यात?" मंग खूप वेळ नुसतं ऐकत होती. तू काय काय बोलला मले माहीत नाही. तू रागावला की आवाज हळू होते तुझा, त्याचीच मले लहानपणी भीती वाटे.

ती काल कामठीले निघून गेली, आईबापाकडं. एकच थैली घेऊन. आईच्या पाया पडली, म्हणे, "तुमचा सत्कार झाल्यावरच तोंड दाखवीन. लोक विचारतीन तेव्हा मी समोर नको." मले म्हणे, "ताई, आईले दुपारची गोळी द्या, त्या विसरतात." मले सांगून राहिली! माझ्या आईची गोळी!

आता घर मोकळं झालं. मी ओट्याजवळचं तिचं सारं सामान एका कोपऱ्यात केलं. रात्रीचा भात मी लावला, जरासा चिपचिपा झाला. आईनं दोन घास खाल्ले आणि पाणी पेली. म्हटलं, "कमी मीठ आहे का?" म्हणे, "नाही." कालपासून ती फारसं बोलूनच नाही राहिली. वय झालं, दुसरं काय.

बाजूच्या उन्नतीनं विचारलं, "प्रीतीवहिनी कुठं गेली गं?" मी म्हटलं, माहेरी. ती म्हणे, "सत्काराच्या तोंडावर?" लोकांले पंचायतीच फार.

आता आईच्या केसाले मी हात लावणार. पार्लरमध्ये असे जळलेले केस मी पाहिले आहेत, त्याले उपाय आहे. नऊ तारखेचा फोटो तुले पाठवीन, मंग म्हणशील, सोनिका काहीतरी शिकली.

मले अनब्लॉक केलं असशील तर मिस कॉल दे.

सोनिका


नंदनवन, ८ फेब्रुवारी, दुपार

दादा,

आईचे केस वाळून राहिले, आणि तोपर्यंत मी हे लिहून राहिली. ती अंगणात बसली आहे. केसाचे चार भाग करून सैल पेड घातले, चिमटे लावले. टॉवेल नाही वापरला, टॉवेलनं केस आणखी फुगतात. तिचंच एक जुनं सुती लुगडं फाडून त्यात गुंडाळले. पूर्ण वाळू देणार, प्रेसचा आकडा कमी ठेवणार, बारीक बारीक बट घेणार, आणि भांग डावीकडं पाडणार, म्हणजे कपाळावरचे जळलेले झाकले जातात. केस मस्त होऊन राहिले. कोणालेही विचार.

पण पत्र त्यासाठी नाही लिहिलं.

बुधवारी मी तिच्या डोक्याले तेल लावाले बसली. मी पलंगावर, ती खाली, जुन्यासारखी. मले इतकं बरं वाटून राहिलं होतं की मी एकटीच बडबडत होती. रायपूरची सोन्याच्या दुकानवाली, भिलाईची बदकं, इटारसी स्टेशनवरचा एक माणूस जो बकरीले तिकीट काढून देत होता, सारं सांगितलं. आई हूं हूं करत होती. मंग मी म्हटलं, "पाहा आई, ज्याचं काम त्यानंच करावं. प्रीतीले काय समजते?"

आई मान न हलवता म्हणे, "सोनिका, चटणीचा जवस कोण्या डब्यात असते?"

माझा हात तिच्या केसात तसाच राहिला.

तुले तर माहीत आहे दादा, आई चटणीसाठी जवस भाजते, गरम असतानाच त्यावर लसणाचं आणि मिठाचं पाणी शिंपडते, वाळवते, आणि डब्यात भरून ठेवते. मंग लागन तसा मिरचीसंगं कुटते. दिसाले कच्च्या जवसासारखाच, जरा काळपट. आपल्या घरातला पोट्टा पण सांगन की ओट्यावरचा डबा चटणीचा, आणि कच्चा जवस वर फळीवर, बिस्किटाच्या डब्यात. प्रीतीच्या घरी चटणी विकतची येते. तिले कसं समजणार? तिनं विचारलं तेव्हा मी ओट्यावरचा डबा दाखवला होता.

उकळताना वास सुटला तेव्हा तिनं मले पुन्हा विचारलं होतं, "ताई, लसणासारखा वास येऊन राहिला का?" मी म्हटलं, "जवस असाच वास मारते."

हे मी तेव्हाच्या पत्रात लिहिलं नाही. आणि प्रेस शेवटच्या आकड्यावर गेला तेही मले उंबरठ्यातून दिसत होतं, केस ओले आहेत तेही दिसत होतं. पार्लरमध्ये ही पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट आहे. मले वाटलं, आईच्या डोक्याले चटणीचा वास येईन, केस चिकट होतीन, प्रीतीची फजिती होईन, आणि आई मले हाक मारन. जळन असं नव्हतं वाटलं, दादा. आईची शपथ. पण चर्र झालं त्या आधी एक क्षण होता, त्यात बोलता आलं असतं.

मी आईले म्हटलं, "तुले कसं माहीत?"

"माह्या हातची चटणी मले नाही ओळखू येणार का वं? डोक्यावर घेतली तवाच वास आला."

"मंग तू काहून नाही बोलली?"

"तू बोलतेस का, ते पाहून राहिली होती."

एवढंच. आणि मंग म्हणे, "केस जळतीन असं मले पण नाही वाटलं." बस. ना शिवी, ना थप्पड. लहानपणी तेलाची वाटी सांडवली तर कंगव्यानं पाठीवर मारत होती, तसं मारलं असतं तर मी सुटली असती. थोड्या वेळानं म्हणे, "हात काहून थांबला? लाव तेल." मी लावलं. मंग म्हणे, "कामठीले जा. तिले सांग. अन् तुह्या दादाले, सौरवले पण कळव. मी कोणालेच सांगणार नाही, तुह्या तोंडानंच झालं पाहिजे."

मी बुधवारीच निघाली होती. शेअर ऑटोपर्यंत गेली पण. ऑटोवाला ओरडून राहिला, "कामठी, कामठी, एक सीट, एक सीट," आणि मी त्या एका सीटकडं पाहत राहिली, आणि दुसऱ्याच ऑटोत बसली. सक्करदऱ्याले उतरली, तलावाच्या काठावर बसली, शेंगदाणे खाल्ले, आणि संध्याकाळी घरी आली. आईनं विचारलं नाही. गुरुवारी म्हटलं, आज तिच्या घरी सारे असतीन. काल म्हटलं, सत्कार झाल्यावर. माझं कसं असते तुले माहीत आहे. जिथं जायचं नाही तिथं मी लगेच पोचते.

मले तिचा राग काहून येत होता सांगू? प्रीतीचे केस सरळ आहेत म्हणून नाही. आई तिच्यासंगं बोलताना आवाज बदलते तिचा. मऊ होते. माझ्यासंगं बोलताना आई नेहमी दरवाजाकडं पाहून बोलते, जशी मी निघूनच राहिली. तो मऊ आवाज मले पाहिजे होता. तो भेटला नाही, आणि तिकडं तू बायकोले काय काय बोलला असशील ते माझ्यामुळं. तू तिले बोलला ते चूक आहे, दादा. तिले आज फोन कर. माझं पत्र पोचाची वाट पा...

थांब. गेट वाजलं. पोस्टमन नसन, तो सकाळी येऊन गेला.

दादा, प्रीतीचे बाबा आले.

मी खिडकीतून पाहून राहिली. शालिकरामकाका. कामठीवरून एकटेच आले, प्रीती संगं नाही. अंगावर तुझ्या लग्नात घातला होता तोच पांढरा सदरा, त्याच्यावर कापड विणाच्या लूमचा कापूस तसाच. कामावरूनच निघाले असतीन. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. अंगणाच्या बाहेरच चप्पल काढली त्यांनी. आई केसाले चिमटे लावलेली, तशीच उठली, पदर घ्यायले गेली तर चिमट्यात अडकला.

"जयभीम, ताई."

"जयभीम. बसा ना, भाऊ. खुर्ची घ्या."

"नाही, बसाले नाही आलो. माफी मागाले आलो, पोरीच्या वतीनं. आमच्याच शिकवणीत कमी राहिली. तुमच्या सत्काराच्या वक्ताले तिनं असं केलं, तर बाप म्हणून मले झोप नाही येऊन राहिली. हे पातळ आहे, माह्याच लूमवरचं. उद्या नेसा. अन् जावईबापूले सांगा, तिच्यासंगं फोनवर बोलणं सोडू नका म्हणा. पोरगी जेवून नाही राहिली."

त्यांनी पातळ खुर्चीवर ठेवलं. आणि हात जोडले, दादा. आईहून मोठा माणूस, दोन्ही हात जोडून उन्हात उभा आहे, अनवाणी, आणि मान खाली. आईनं हात वर नाही केला, "असू द्या" पण नाही म्हटलं. ती वळून खिडकीकडं पाहून राहिली, सरळ माझ्याकडं. आणि आता काका पण मान वर करून, आई कुठं पाहते ते पाहून राहिले.

जाते मी बाहेर.